श्रावण पाळता येतो, मग पुढचे महिने का नाही?

पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या ४३ वर्षांच्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली दहा-अकरा वर्षे आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी ते साधारण एक क्वार्टर घेतात. दरवर्षी गटारी झाली की अनंत चतुर्दशीपर्यंत थेंबालाही शिवत नाहीत आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यंदा त्यांना गटारीनंतर सलग शंभर दिवस थांबायचे आहे, सात वर्षांपूर्वी अर्धवट सुटलेली पदविका पूर्ण करायची आहे आणि दर रविवारी सिंहगड चढायचा आहे. "श्रावण पाळतो म्हणजे निश्चय आहे, मग पुढे तो जातो कुठे?" असे ते विचारतात. पत्नीने जाहिरातीत पाहिलेली, 'जेवणातून कळू न देता' द्यायची पावडर चालेल का, हा त्यांचा जोडप्रश्न आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून तेवीस वर्षे पुण्यात व्यसनाच्या रुग्णांबरोबर काम करतो आहे आणि हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतेच. निश्चयाकडे मी नंतर येतो. आधी हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय थांबण्याची तारीख ठरवणे मला योग्य वाटत नाही.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये मद्यार्काचे प्रमाण सहसा ४२.८ टक्के असते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. ३० मिलीच्या लहान पेगमध्ये तो १० ग्रॅम असतो आणि त्यालाच आम्ही एक एकक धरतो, म्हणून क्वार्टरची सहा एकके होतात. आठवड्यातून पाच दिवस धरले तर ती तीस भरतात. "मी फक्त बीअर घेतो" असे सांगणाऱ्यांनीही हा हिशेब करून पाहावा, कारण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार लहान पेग होतात, आणि ती एकच बाटली असते असे क्वचितच घडते.

रोज किंवा जवळजवळ रोज पिणाऱ्या शरीराने दारूच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी मेंदूतील उत्तेजन वाढवून ठेवलेले असते. दारू अचानक थांबली की गुंगी जाते आणि उत्तेजन तेवढे शिल्लक राहते. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. आणि थोड्यांना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान डेलिरियम ट्रेमेन्स होते, म्हणजे माणूस वेळ-काळ विसरतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो. यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. पाय मोडून रुग्णालयात दाखल झालेला, गप्प स्वभावाचा माणूस तिसऱ्या रात्री अचानक सलाईन उपटून बडबडू लागतो आणि नातेवाईक "बाहेरचे काही झाले" म्हणून अंगारा शोधू लागतात, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. दाखल करताना तो रोज किती घेतो हे कुणी सांगितलेले नसते, एवढेच कारण असते. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे असे रुग्ण वाढतात, कारण गटारीला भरपूर आणि दुसऱ्या दिवशी एकदम शून्य, हा शरीरासाठी सर्वांत वाईट क्रम आहे.

तुम्हाला आजवर श्रावणात आठवडाभर झोप लागत नाही आणि चिडचिड होते, यापलीकडे त्रास झालेला नाही आणि सकाळी 'उतारा' घ्यावा लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हे चांगले लक्षण आहे. तरीही मागच्या वर्षी काही झाले नाही ही यंदाची हमी नव्हे, कारण वारंवार सोडण्या-धरण्याने दर वेळचा त्रास आधीपेक्षा तीव्र होत जाऊ शकतो. म्हणून थांबण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना भेटा आणि खरे प्रमाण सांगा. ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, ज्यांचे हात सकाळी पेल्याशिवाय स्थिर होत नाहीत किंवा ज्यांना यकृताचा आजार आहे, त्यांनी स्वतःच्या बळावर एकदम थांबू नये. त्यांच्यासाठी पाच-सात दिवसांचा औषधोपचार असतो, त्यात बी-१ जीवनसत्त्व आणि हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या असतात, आणि त्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेण्यासारख्या नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. श्रावण का टिकतो, हे नीट पाहिले तर पुढचे महिने का टिकत नाहीत हे आपोआप कळते. श्रावणात घरात मटण शिजत नाही, त्यामुळे रविवारच्या जेवणाशी जोडलेली बाटलीही येत नाही. ज्यांच्याबरोबर तुम्ही बसता त्यांच्यापैकी निम्मे स्वतःच पाळत असतात. आणि आग्रह झालाच तर "श्रावण आहे" एवढे दोन शब्द पुरतात. पुढे कुणी का, कधीपासून, बायकोने सांगितले का, असे विचारत नाही. थोडक्यात, कारण, सोबत, स्वयंपाकघर आणि शेवटची तारीख या चारही गोष्टी समाजाने तुमच्यासाठी आयत्या मांडून ठेवलेल्या असतात. तुमचा निश्चय खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण त्याच्यावर पडणारा भार फारच थोडा असतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हा सगळा मांडव एकदम उतरवला जातो आणि तोच निश्चय उघड्यावर येतो.

शेवटची तारीख आयती मिळते, तिचा तोटाही असतो. ज्या व्रताला शेवट आहे त्यात माणूस दिवस मोजतो, आणि मोजलेले दिवस त्याच्या मनात थकबाकीसारखे साठत जातात. म्हणून गटारीला आगाऊ वसुली आणि विसर्जनानंतर उरलेली वसुली, असा प्रकार घडतो. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या दोघांनी अत्यंत गंभीरपणे विचारले होते, "डॉक्टर, अधिक धरायचा की फक्त निज?" मी हसलो, पण त्या प्रश्नात सगळे दुखणे होते. याउलट ज्याने वारकऱ्याची माळ घातली आहे त्याला शेवटची तारीख नसते. गावातही "तो माळकरी आहे" म्हटले की लग्नाच्या हळदीतसुद्धा त्याच्यापुढे कुणी ग्लास ठेवत नाही. माळेमुळे सुटलेले लोक मी पाहिले आहेत, आणि बायकोने किंवा आईने हट्टाने घालायला लावलेली माळ महिन्याभरात खुंटीला टांगलेलीही पाहिली आहे.

तुमच्या शंभर दिवसांचे पंचांग मांडून पाहा. श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत साधारण ४४ दिवस होतात. अधिक मास मध्ये आला नाही तर शंभरावा दिवस कार्तिकी एकादशीच्या आसपास पडतो. म्हणजे पहिले ४४ दिवस समाज तुमच्याबरोबर पाळणार आहे आणि उरलेले ५६ तुम्हाला एकट्याने काढायचे आहेत. त्यातही नवरात्राचे नऊ दिवस पुन्हा आधार मिळतो. खरी अवघड जागा दोन: एक, विसर्जन ते घटस्थापना, म्हणजे पितृपक्षाचा पंधरवडा, जेव्हा मित्र नुकतेच 'सुटलेले' असतात, आणि दुसरी, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, जेव्हा कोजागरीला गच्चीवर दुधाच्या पातेल्याशेजारी दुसरीही व्यवस्था असते आणि कंपनीचा बोनस खात्यात जमा झालेला असतो. तुमची सगळी तयारी या दोन पट्ट्यांसाठी असली पाहिजे. श्रावणात ती करण्याची उसंत आहे, म्हणून ती तेव्हाच करा.

तयारी म्हणजे काय, ते तुमच्याच पत्रातील एका तपशिलावरून सांगतो. कंपनीची बस तुम्हाला साडेसातला चौकात सोडते, दोन मित्र तिथेच उभे असतात आणि परमिट रूम शंभर पावलांवर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. दुपारच्या डब्यानंतर तुम्ही काहीही खाल्लेले नसते. त्या क्षणी तुमच्याजवळ निश्चय, भूक, थकवा आणि दोन मित्र असतात, आणि त्यात निश्चय एकटा पडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी उद्दिष्टांवरच्या संशोधनात दाखवून दिले आहे की "मी पिणार नाही" अशा सर्वसाधारण संकल्पापेक्षा "अमुक घडले की मी तमुक करीन" असे जागा-वेळेसह ठरवलेले वाक्य कितीतरी अधिक वेळा प्रत्यक्षात उतरते. म्हणून तुमचे वाक्य असे असू द्या: साडेपाचच्या चहाबरोबर मी मूठभर फुटाणे आणि एक केळे खाईन, आणि बस चौकाच्या आधीच्या थांब्यावर आली की तिथेच उतरेन. यात शौर्य काहीच नाही आणि नसावेच. चौकात उभे राहून नकार देण्याची ताकद कमावण्यापेक्षा चौक टाळणे स्वस्त पडते.

तरीही तलफ येईल. ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. माणसाला मात्र आता ही रात्रभर अशीच राहणार असे वाटते. तेवढा वेळ जेवायला बसा, अंघोळ करा, कुणाला तरी फोन लावा. भरल्या पोटी तलफ अर्धी होते, हा माझा अगदी साधा आणि फार वेळा खरा ठरलेला अनुभव आहे.

पदविका आणि सिंहगड या दोन उद्दिष्टांना मी शोभेच्या गोष्टी समजत नाही. दारू थांबली की संध्याकाळचे दोन-अडीच तास रिकामे होतात, आणि रिकाम्या वेळाला जुनी वाट पाठ असते. पदविकेचा अभ्यास 'जमेल तेव्हा' न ठेवता सोमवार ते गुरुवार रात्री साडेआठ ते साडेनऊ ठेवा, त्याच खुर्चीवर, जेवण झाल्यावर. पहिले दोन आठवडे डोके चालणार नाही, तेव्हा जुन्या वह्या लावणे, अभ्यासक्रम पाहणे, परीक्षेचा अर्ज भरणे एवढेच करा. सिंहगडाचा उपयोग तर याहून मोठा आहे. रविवारी पहाटे साडेचारला उठून आतकरवाडीत पोहोचायचे असेल तर शनिवारची रात्र, जी तुमची सर्वांत जड रात्र असते, तिला बाहेरून एक कारण मिळते. "उद्या पहाटे गड आहे" हे वाक्य "श्रावण आहे" या वाक्यासारखेच काम करते. त्यावर कुणी फार उलटतपासणी घेत नाही. फक्त गड खरोखर चढायला हवा, आणि एकट्याने नको. ज्याला तुम्ही थांबवून ठेवले तर वाईट वाटेल असा एक सोबती शोधा. वरच्या पिठले-भाकरीला आणि मडक्यातल्या दह्याला माझी कोणतीही हरकत नाही.

मित्रांना काय सांगायचे, असेही तुम्ही विचारले आहे. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत" ही थाप आठ दिवस टिकते, नवव्या दिवशी "संपल्या का गोळ्या?" असे विचारले जाते. त्यापेक्षा दोघांपैकी जो समजूतदार आहे त्याला एकट्याला भेटून, चहावर, कार्तिकी एकादशीपर्यंत थांबलो आहे असे स्पष्ट सांगा आणि चारचौघांत आग्रह झाला तर विषय बदलण्याचे काम त्याच्यावर सोपवा. निदान विसर्जनानंतरचे चार आठवडे "मी फक्त सोडा आणि चकणा घेईन" म्हणून मैफलीला बसू नका. खारे शेंगदाणे, ग्लासाचा आवाज, तोच वेटर, तीच टेबलाची जागा, या सगळ्यांशी मेंदूने वर्षानुवर्षे दारू जोडलेली असते आणि तो जोड तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही.

शरीरात काय बदल होतील, याच्या फार मोठ्या जाहिराती होतात, म्हणून मोजके सांगतो. पहिले एक-दोन आठवडे झोप बिघडते आणि स्वप्ने फार पडतात. दारूने झोप लागते असे वाटत असले तरी ती झोपेचा पोत मोडते, आणि तो परत बसायला वेळ लागतो. गोड खावेसे वाटते. दोन-तीन आठवड्यांत रक्तातील जी.जी.टी. हे यकृताशी संबंधित प्रमाण, दारूमुळे वाढलेले असेल तर, साधारण निम्म्यावर येते. यकृतावरची साधी चरबी काही आठवड्यांत बरीच उतरू शकते, रक्तदाब खाली येतो. सिरॉसिसपर्यंत गेलेले यकृत मात्र शंभर दिवसांत पूर्ववत होत नाही. वजनाचे म्हणाल तर एका क्वार्टरमधून सुमारे सव्वाचारशे कॅलरी मिळतात, चकण्याच्या वेगळ्या.

मध्येच एखाद्या दिवशी घेतली गेली तर काय? माझ्याकडे येणाऱ्या एका बँक कर्मचाऱ्याने एकसष्टाव्या दिवशी पुतण्याच्या हळदीत एक बीअर घेतली आणि पुढचे नऊ दिवस रोज घेतली. नऊ दिवसांचे कारण ती बीअर नव्हती; "मोडलेच ना आता" हे वाक्य होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी या घसरणीचा फार बारकाईने अभ्यास केला आणि त्यांचे म्हणणे हेच होते की पहिल्या पेल्याहून त्यानंतरची अपराधी भावना माणसाला अधिक खोल नेते. व्रत मोडते तसा हा काळ मोडत नाही. एकसष्टपैकी साठ दिवस न पिता गेले, हे गणित तसेच राहते. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वहीत लिहा: किती वाजता, कुठे, कोण होते, शेवटचे कधी खाल्ले होते, किती घेतली. आणि त्याच दिवसापासून पुढे मोजा. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जानेवारी महिना कोरडा काढण्याची मोहीम चालते. तिच्यात भाग घेतलेल्यांवर ससेक्स विद्यापीठाच्या रिचर्ड डी व्हिसर यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की महिना पूर्ण करू न शकलेल्यांचेही पिणे सहा महिन्यांनंतर आधीपेक्षा कमी झालेले होते.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. इतके दिवस थांबल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी जी क्वार्टर 'काही न होता' पचत होती तीच आता अंगावर येते, आणि तेवढ्याच घेतलेल्या माणसाचा दुचाकीवर अपघात होतो.

पावडरीबद्दल वहिनींना माझे स्पष्ट उत्तर आहे की ती देऊ नये. अशा गुप्त पुड्यांमध्ये नेमके काय असते ते कळण्याचा मार्ग नसतो, आणि पुष्कळदा घरची माणसे डायसल्फिराम नावाची गोळी कुटून भाजीत घालतात. हे औषध खरे आहे, उपयोगीही आहे, पण त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तो होऊ शकतो. ज्याला आपण गोळी घेतली आहे हेच ठाऊक नाही त्याच्या जिवाशी हा खेळ आहे, शिवाय कळल्यावर घरातला विश्वास जातो तो वेगळाच. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून, रुग्णाच्या संमतीने, डॉक्टर ती देतात. वहिनींनी करण्यासारखे काम असेल तर ते एवढेच की घरी आल्या आल्या जेवण तयार ठेवावे आणि तोंडाचा वास घेऊ नये.

शंभराव्या दिवसानंतर काय, हे शंभराव्या दिवशी ठरवू नका. ते ऐंशीच्या सुमारास, दिवाळीच्या आधी, एखाद्या सकाळी कागदावर लिहून काढा. पुढेही थांबायचे की मोजके घ्यायचे, हा निर्णय तुमचा आहे. मला विचाराल तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की आरोग्याला निर्धोक असे दारूचे प्रमाण नाही, आणि दहा वर्षे क्वार्टरवर असलेल्या माणसाला 'दोनच पेग' हे पूर्ण थांबण्याहून कठीण जाते. प्रामाणिक प्रयत्न करूनही पितृपक्ष ओलांडता आला नाही, तर त्याचा अर्थ तुम्ही दुबळे आहात असा नाही. समस्या सवयीच्या पुढे गेली आहे आणि उपचार हवेत, असा आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतून होतात, आणि घरबसल्या बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत.

शेवटी गटारीबद्दल. मोजणी श्रावणापासून धरायला हरकत नाही, पण 'आता शंभर दिवस मिळणार नाही' म्हणून त्या रात्री भरून घेऊ नका. शरीराच्या दृष्टीने का, ते वर सांगितले आहेच. यंदा त्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आणि रक्ततपासणी उरका, आणि त्याआधीच्या रविवारी एकदा आतकरवाडीतून गड चढून या. जी.जी.टी.चा आकडा आणि वर पोहोचायला लागलेली मिनिटे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन्ही आपण कोजागरीच्या आसपास पुन्हा मोजू.